उन्हाचा खांब

पुण्याहून कुंभकोणमपर्यंत ते यंत्र मी मांडीवर सांभाळत आणलं, आणि माझ्या धाकट्या बहिणीनं ते एका नजरेत निकालात काढलं. "अण्णा, हें काय? भात शिजवायची पेटी?" शकूनं विचारलं, कुंभकोणमला पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या घरच्या जुन्या मराठीत. मी सांगितलं, घरातली हवा साफ करतं. आत जाळी आहे, धूळ ओढून घेते. समोर आकडा दिसतो. हवा खराब असली की दिवा लाल, चांगली झाली की हिरवा. शकू तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे आकड्याला ती बधत नाही. तिनं चष्मा वर सारून आकडा वाचला आणि म्हणाली, "सरी, बरें आहे. अम्माला हें दाखवायला पाहिजे होतें. पोट धरून हसली असती."

मला जरा लागलंच. गेल्या वर्षी न्यूमोनिया होऊन गेल्यापासून माझ्या छातीचा भरवसा उरलेला नाही, म्हणून पुण्याच्या घरात असं एक यंत्र आलं. ते आलं त्या दिवसापासून मला शकूचीच आठवण येत होती. दम्याची पोर ती. लहानपणी आमच्या घरात हवेचा विषय निघाला की तो तिच्यासाठीच निघायचा. तेव्हा दुसरं यंत्र तिला. बायको म्हणाली, कुरियरनं पाठवा की. पण काही वस्तू आपल्या हातानंच द्याव्याशा वाटतात. ती वस्तू काखोटीला मारून मी आता आमच्या मधल्या दालनात, कूडममध्ये, प्लग शोधत फिरत होतो. दुपारचे तीन वाजून गेले होते. छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाचा तिरपा खांब तांबड्या जमिनीवर उतरला होता आणि त्यात धुळीचे कण सावकाश वर-खाली करत होते. साठी उलटलेला माणूस मी, पण त्या खांबासमोर माझे पाय आजही आपोआप थांबतात.

कुंभकोणमला लोक देवळं बघायला येतात, पितळेची भांडी घेतात, कॉफी पितात आणि जातात. जून-जुलैमधल्या आनी महिन्यातला वारा त्यांच्या वाट्याला येत नाही. त्या दिवसांत कावेरीला वरून पाणी सुटलेलं नसतं, आणि नदी म्हणजे गावाच्या उत्तरेला पसरलेली नुसती वाळू. पोरं तिच्यात क्रिकेट खेळतात, गाढवं लोळतात. पुढच्या आडी महिन्याच्या वाऱ्यात दगडी पाटासुद्धा उडतो, असं तमिळमध्ये म्हणतात. आमचा वारा आडी लागेपर्यंत थांबायचा नाही. पश्चिमेकडून यायचा आणि ती सगळी नदी उचलून आमच्या घरात आणून टाकायचा.

तो येण्याआधी वास यायचा. तापलेल्या वाळूचा, वाळलेल्या शेणाचा, पेंढ्याचा. मागच्या अंगणातले माड असे सळसळायला लागायचे की पाऊसच आला असं वाटावं, आणि कावळे एकदम गप्प. तिरुवलंचुळीहून फुलं विकायला येणारी पोन्नम्मा त्या दिवशी टोपलीवर ओलं फडकं घालून, केसांत वाळू घेऊन धावतच दारात यायची. "कात्तु वरुदुम्मा!" वारा येतोय गं बाई. एवढं ओरडून, जाईचा गजरा ओट्यावर टाकून ती पुढच्या घराकडे पळायची. त्या हाकेनंतर आमच्याकडे साधारण पाव तास असायचा. त्या पाव तासात अम्मा जे करायची ते आठवलं की मी आजही थक्क होतो.

आमच्या घराच्या मधोमध उघडा चौक आहे, त्याला इथे मुट्रम म्हणतात. वरून आकाश, चारी बाजूंनी खांब. ऊन, पाऊस, चिमण्या, सगळ्यांना मुभा, आणि अर्थात धुळीलाही. खांबांच्या आत छताला टांगलेल्या बांबूच्या काठ्या असायच्या, सोवळ्यातले कपडे वाळत घालायला. अम्मानं तिची जुनी नऊवारी लुगडी एका मोठ्या पातेल्यात भिजवत ठेवलेली असायची, अख्खा आनी महिना. हाक आली की ती लुगडी न पिळता, पाणी निथळत असताना, काठीच्या टोकानं वर उचलून चारी बाजूंच्या बांबूंवर सोडायची. हिरवं, जांभळं, डाळिंबी, मोहरीच्या फुलाचं पिवळं. बघता बघता उघड्या चौकाला चार ओल्या भिंती उभ्या राहायच्या. मी खाली उभा राहून टपटपणारं पाणी डोक्यावर घ्यायचो आणि वर बघत राहायचो. पुढे मी मोठमोठ्या इमारती पाहिल्या, पण एवढ्या झटपट उभी राहिलेली आणि एवढी सुंदर भिंत पाहिली नाही.

मग वारा यायचा. लुगडी फुगायची, आत झेपावायची, पुन्हा मागे जायची. पाणी संपत आलं की अम्मा तांब्यानं त्यांच्यावर पाणी उडवायची, पदर नाकाला बांधलेला, डोळे बारीक केलेले. तासाभरात सगळे रंग जाऊन चारही लुगडी एकाच मातकट रंगाची व्हायची. नंतर ती धुताना पातेल्यात जे पाणी उरायचं ते थेट पुराच्या कावेरीसारखं दिसायचं. अप्पा म्हणायचे, "पाहा, आमच्या घरीं कावेरी आधीं येतें." अप्पा सुंदरपेरुमाळ कोयिलच्या स्टेशनावर मास्तर होते. वाऱ्याच्या दिवशी कामावरून आले की त्यांना विहिरीवर दोन बादल्या अंगावर घेतल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता. स्टेशनात गाड्यांना थांबवणारा माणूस स्वतःच्या मागच्या दारात ओल्या धोतरानं परवानगीची वाट बघत उभा राहायचा.

आणि शकू? शकूला हाक आल्याआल्याच आतल्या खोलीत नेलेलं असायचं. पूर्वी तिथे भात साठवायचे. शकूला धाप लागायला लागल्यावर अम्मानं ती रिकामी केली, भिंतींना चुना दिला आणि एक चटई, एक उशी, कोमट पाण्याचा तांब्या एवढंच आत ठेवलं. खिडकी नाही. दाराखालच्या फटीत ओला पंचा कोंबला की खोली बंद. तिच्याबरोबर कुणी बसायचं नाही, कारण दोघं आत असली की हवा लौकर शिळी होते, असं अम्माचं मत. सहा-सात वर्षांची पोर एकटी अंधारात. दारातून तिच्या श्वासाची शीळ ऐकू यायची, बारीक, पावा फुंकायला शिकणाऱ्या पोरासारखी. मी दाराला कान लावून बसायचो. मला त्या शिळेची फार भीती वाटायची, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

एवढं सगळं करूनही वारा गेल्यावर संध्याकाळी शकूला जोराची धाप लागायचीच. डॉक्टरांच्या गोळ्या होत्या, वाफ होती, छातीला तेल होतं. अम्मा म्हणायची, वारा आत शिरला कुठून तरी. पुढच्या वेळी आणखी एक लुगडं. पुढच्या वेळी कौलांच्या फटींत चिंध्या. आणि तरीही संध्याकाळी तेच.

वारा पडला की आमच्यात सांब्राणी घालायची पद्धत. कुणी सांगायला लागत नसे. निखारे, त्यावर ऊद, कडुनिंबाचा पाला, चिमूटभर मोहरी. वाऱ्याबरोबर जे जे आलं ते धुरानं निघून जातं, हे आमच्या घरात दोन आणि दोन चार इतकं पक्कं होतं. सगळ्या गल्लीत तेव्हा तोच वास भरायचा, आणि खरं सांगायचं तर मला तो अजून आवडतो. अम्मा धुपाटणं घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात फिरायची. दार उघडून आधी शकूच्या खोलीत, मग देवघरात, मग सगळीकडे. पोरीच्या खोलीत तर दोनदा, कारण तिला जास्त गरज.

एके दिवशी, मी तेव्हा नऊ वर्षांचा असेन, वारा लौकर पडला. ऊन अजून होतं आणि काचेच्या कौलातला खांब कूडममध्ये उतरला होता. वाऱ्यानंतरचा खांब रोजच्यासारखा नसतो. तो घट्ट असतो. त्यातले कण मी बघत बसलो होतो, असंख्य, सोनेरी, आपापल्या वाटेनं चाललेले. कुणी मोजले असतील का हे, देवानं तरी? मी अम्माला विचारलं, हे सगळं रोज असतं का गं हवेत? ती धुपाटणं घेऊन येत होती. म्हणाली, "रोज असतें. दिसतें आज." आणि ती त्या खांबातून गेली.

धूर त्या उन्हात शिरला आणि खांब एकदम भिंतीसारखा पांढरा झाला. पलीकडचं दार दिसेना. धुळीनं जे तासाभरात केलं नव्हतं ते धुरानं एका क्षणात केलं. अम्मा थबकली. तिनं हातातल्या धुपाटण्याकडे बघितलं, मग खांबाकडे. आतल्या खोलीत ती नुकतीच जाऊन आली होती, आणि तिथून शकूच्या खोकल्याचा आवाज यायला लागला होता.

आपण चुकलो असं माझ्या आईनं आयुष्यात कधी कबूल केलेलं मला आठवत नाही. मीठ जास्त पडलं तर ती मिठाला बोलायची. त्या दिवशी ती मागच्या दारी गेली, धुपाटणं विहिरीच्या कडेला उलटं केलं, त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि वाफेत उभी राहिली. मी मागे होतो हे तिला कळलं असावं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आम्हीच घालत होतों रे. तिच्या छातींत आम्हीच घालत होतों." मग तिनं तोंडावर पाणी मारलं, आत आली आणि शकूला मांडीवर घेऊन मागच्या अंगणात, माडाखाली, अंधार पडेपर्यंत बसून राहिली. त्यानंतर आमच्या घरात सांब्राणी पेटली नाही. शेजारणी नावं ठेवायच्या, या मराठी बाईला रीतभात नाही म्हणायच्या. अम्मा हसून विषय बदलायची.

पण त्या दिवशी तिला उन्हाचा खांब सापडला. पुढच्या वाऱ्यापासून कायदाच झाला. वारा पडला की झाडू हातात घ्यायचा नाही, कारण झाडू धूळ काढत नाही, पुन्हा उठवतो. सगळ्यांनी कूडममध्ये भिंतीला टेकून बसायचं. चालायचं नाही, पदर झटकायचा नाही, पंख्यानं वारा घ्यायचा नाही, जोरानं बोलायचंसुद्धा नाही. धूळ आपणहून बसेपर्यंत माणसांनी बसायचं. खांब फिकट होत जायचा. मग अम्मा एकटीच उठायची आणि ओल्या फडक्यानं जमीन पुसायची, दारापासून मागे सरकत, पावलं न वाजवता. पुन्हा बसायचं. शेवटी एक वेळ अशी यायची की जमिनीवर उन्हाचा तुकडा असायचा, वर कौलात उजेड असायचा, आणि मधे काही नसायचं. खांब गेलेला असायचा. ऊन तिथेच होतं, फक्त दिसत नव्हतं. साफ हवेतून ऊन जाताना दिसत नाही, ही गोष्ट मला पुढे शाळेत मास्तरांनी शिकवली. माझ्या आईनं ती चौथीपर्यंतच्या शिक्षणावर, पोरीच्या धापेतून काढली होती. खांब गेला की ती शकूच्या खोलीचं दार उघडायची. ऊन आधीच कललं असेल त्या दिवशी अप्पांचा स्टेशनचा बॅटरी दिवा आडवा धरून ती हवा बघायची. डोळे बारीक करून.

मला त्या बसण्याचा कंटाळा यायचा हेही सांगून टाकतो. पाय आखडायचे. नाकावर माशी बसायची आणि तिला उडवायची बंदी. बाहेर पोरांचा आरडाओरडा सुरू झालेला असायचा. अप्पा भिंतीला टेकून डोळे मिटायचे, पण झोपायचे नाहीत. गाडी येईपर्यंत स्टेशनावर बसतात तसे बसायचे. आणि आम्ही तिघंही ऐकत असायचो तिची शीळ.

एकदा ती शीळ थांबली. अप्पांची सुट्टी होती त्या दिवशी, वारा मोठा होता, खांब अजून घट्ट होता. शीळ हळूहळू बारीक झाली आणि मग नाहीच. दम्याच्या घरात शीळ थांबण्याचे दोन अर्थ असतात. अम्मा उठली. दारापाशी गेली, कडीवर हात ठेवला, आणि मागे वळून खांबाकडे बघितलं. दार उघडलं तर ती सगळी धूळ आत. नाही उघडलं तर? अप्पा बसल्या जागी पुढे झुकले. मी माझ्या गुडघ्यांना घट्ट धरलं. किती वेळ गेला कोण जाणे, मला तो एवढा मोठा वाटतो की तेवढ्यात मी नवाचा दहा वर्षांचा झालो असेन. मग आतून दारावर दोन टकटक झाल्या. "अम्मा, भूक लागली." अम्मानं कडीवरचा हात काढला, खाली बसली आणि दाराला गाल लावून म्हणाली, "थोडकें थांब गे. खांब जाऊं दे." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही ती हात हलवत नव्हती.

परवा, माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी, वारा आला. पोन्नम्मा आता नाही, मोबाइलवर हवामानाचा निरोप येतो. माझं यंत्र आधी घुरघुरलं, मग त्याचा दिवा लाल झाला, आकडा चढत गेला, आणि मी शकूला तो दाखवणार इतक्यात वीज गेली. आनीत वारा आला की कुंभकोणमची वीज जाते, हे मी पस्तीस वर्षांत विसरून गेलो होतो. शकू हसलीसुद्धा नाही, हे तिचे उपकार. ती चादरी भिजवून बांबूंवर घालत होती, नाकावर कोरोनातला उरलेला मास्क. मी मदतीला उठलो आणि खोकला सुरू झाला. थांबेना. छातीत काहीतरी गच्च झालं आणि मी चौकाचा खांब धरून वाकलो.

शकूनं काठी टाकली आणि माझा दंड धरला. "चल. आंत चल."

"अगं तू आत जा. दमा तुला आहे."

"दमा मजला आहे. खोकतोस तूं. बोलूनको."

तिनं मला त्या खोलीत बसवलं. चटई, उशी, तांब्याभर कोमट पाणी. दार लागलं. फटीत ओला पंचा कोंबल्याचा आवाज आला. मी त्या खोलीत अशा वेळी कधीच बसलो नव्हतो. चुन्याचा वास, ओल्या जमिनीचा वास. बाहेर चादरी फडफडत होत्या, पाण्याचे शिंतोडे उडत होते, मधूनच तिच्या सपाता घासायच्या. मग वारा पडला. सपातांचा आवाज कूडमपर्यंत गेला आणि थांबला. त्यानंतर काहीच नाही. माझा श्वास मलाच ऐकू येत होता. त्यात शीळ होती.

बऱ्याच वेळानं मी दाराला तोंड लावून विचारलं, "शकू, तू इथे एकटी एवढा वेळ काय करायचीस गं?"

"बोलूनको. पुन्हा खोकला येईल."

मला वाटलं, तिला सांगायचं नाही. मग दारापलीकडून, मुद्दाम हळू केलेल्या आवाजात, ती बोलायला लागली. "ऐकत असायचें. तुम्ही हलत नाहीं, तें ऐकत असायचें. अप्पा नाहीं, अम्मा नाहीं, तूंसुद्धां नाहीं. दम लागला कीं वाटायचें, आतां पुरे. मग ध्यानांत यायचें, बाहेर एवढीं माणसं माझ्यापायीं हात न हलवतां बसलीं आहेत. त्यांस उठायला मिळालें पाहिजे. म्हणून पुढचा श्वास घ्यायचें."

बाहेर माझी बहीण बसली होती, दम्याची, साठीची, बोलून झाल्यावर पुन्हा गप्प झालेली. ती जराही हलत नव्हती. मी दाराला पाठ टेकली आणि पुढचा श्वास घेतला.